खोडरेघ

पाणी संस्थेच्या भिंतीवरचा फळा
यासीन पेंटर दरसाल दिवाळीआधी काळा करून देतो.
खालच्या कट्ट्यावर पत्र्याचा डबा,
डब्यात ओलं फडकं, डब्याला कुलूप.
किल्ली माझ्या कमरेला.
म्हणायला गेलं तर एवढीच माझी नोकरी.

आधी कुलूप नव्हतं.
खडू हाती येईल तो लिहायचा:
पाळी कुणाची, मोटर किती वाजता,
कुणाची रेडी हरवली, बियाण्याची हळद कुणाकडं.
फडकं हाती येईल तो पुसायचा.
सोमवारी रात्री चौगुल्यांची असलेली पाळी
मंगळवारी उजाडता मगदुमांची झाली.
भांडण वारणेच्या पुलापर्यंत ऐकू गेलं.

मग सभा. चहा दोनदा.
ठरलं ते असं, की लिहावं कुणीही;
आपलं आपण बदलावं, पण दिवेलागणीपर्यंत.
त्यानंतर अक्षर गावाचं.
दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही,
चेअरमन असला तरी.
फडकं शनिवारी, माझ्याच हातानं,
तेही सगळं वहीत उतरवून घेतल्यावर.

बाळगोंडा मगदूम हसले,
"म्हंजे आता आमच्यापरास तुमी मोठ्या."
"मोठी कसली? राखणदार," म्हटलं.
पण खोटं कशाला सांगू,
घरी जाताना किल्ली वाजत होती
आणि ती वाजलेली मला आवडत होती.

पहिला नियम मीच मोडला.
किसाबाई सुताराच्या ओळीत
'पानी' होतं, 'सुटनार न्हाई' होतं.
बोटाला थुंकी लावली, ण केले, 'नाही' केलं.
सकाळी ती फळ्यासमोर बराच वेळ उभी.
"ह्ये म्या लिवलेलं न्हाई."
"शुद्ध केलं फक्त."
"मग खाली नाव बी तुमचंच घाला की."

त्या दिवसापासून बोटं पदरात.

मार्चात एका पहाटे मोठ्या अक्षरात, बिननावाची ओळ:
नेमगोंडा चौगुले रात्री चावी फिरवतो.
मी धावत डबा उघडला.
नेमगोंडा आधीच तिथं, हातात दुधाची किटली.
"पुसू नगा."
"अण्णा, बदनामी आहे ही."
"डेअरीच्या रांगंत समद्यांनी वाचून झालंय.
दूध मापायच्या आधी माझं तोंड मापलं त्यांनी.
आता पुसलं तर त्यांच्या डोक्यात ऱ्हाईल
आन् फळा कोरा.
मग मी बोट कशावर ठिऊ?"
"मग काय करू?"
"खोडा. दिसंल असं खोडा.
आन् कुणी खोडलं त्ये लिवा."

लगेच नाही खोडलं.
त्याच्या शब्दावर तरी का खोडावं?
मोटरघरात गेले, वायरमनची वही काढली.
त्या रात्री दहा ते पाच फीडर बंद.
मोटरच नाही, तर चावी फिरवून काय येणार, वारा?

परत येऊन आडवी रेघ ओढली.
खाली लिहिलं: खोटं. त्या रात्री वीज नव्हती.
आणि नाव, राजमती उपाध्ये.
इतकी वर्षं फळा राखला,
माझं नाव त्यावर पहिल्यांदा.
अक्षर जरा वर चढलं.

गुरुवारी, भर दुपारी, एकजण आला.
कोण ते सांगणार नाही.
रेघेकडं बघत म्हणाला,
"आपलं आपुन पुसायचं आसंल तर?"
"दिवेलागण कवाच झाली," मी म्हटलं.
"आता फक्त खाली लिहिता येतं."
त्यानं खडू उचलला. हात फळ्यापर्यंत गेला.
मग अर्धा खडू कट्ट्यावर, अर्धा मुठीत,
तसाच चालता झाला.

शनिवारी वहीत उतरवायला बसले.
ओळ उतरवली, तिच्यातल्या चुकांसकट.
रेघेसाठी पट्टी घेतली,
आणि पुन्हा ठेवून दिली.
फळ्यावर ती जिथं थरथरली होती
तिथं वहीतही थरथरू दिली.